हरकतीचा इतिहास : घर, शेजार आणि नगरपालिका



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आमच्या पिढीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकविले. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली चार पाने, अशीच आमची समजूत होती. ती दूर करण्यासाठी गुरुजी एके दिवशी सारा वर्ग घेऊन नगरपालिकेच्या कचेरीत गेले. आत मात्र ते गेले नाहीत. बाहेरच्या सूचनाफलकापाशी आम्हांला उभे करून, जाळीमागचा एक पिवळा पडलेला कागद त्यांनी मोठ्याने वाचावयास लावला. कोणा गृहस्थास कोठेसे बांधकाम करावयाचे होते आणि ज्यांची हरकत असेल त्यांनी ती मुदतीत लेखी कळवावी, असे त्यावर म्हटले होते. वाचून झाल्यावर गुरुजींनी विचारले, "हे शेवटचे वाक्य येथे कोणी आणले?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. कोणालाच उत्तर आले नाही. आज इतक्या वर्षांनी, आपण दिलेल्या या संधीचा उपयोग करून त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. मी वकील नाही. इतिहासाचा एक विद्यार्थी म्हणूनच या विषयाकडे पाहणार आहे.

(१)

गावात एखाद्याला घर बांधावयाचे असते, शेजाऱ्याला त्याने आपला उजेड अडेल अशी धास्ती असते आणि या दोहोंमध्ये निर्णय नगरपालिकेला द्यावयाचा असतो. वरवर पाहता ही बाब किरकोळ आहे. पण माणसाचे आयुष्यभराचे साठवण ज्या एका वस्तूत गुंतते ती वस्तू म्हणजे घर, आणि ते बांधू देण्याची किंवा पाडण्याची सत्ता ज्याच्या हाती असते तो सत्ताधारी राजाहून फारसा वेगळा नसतो. म्हणूनच या सत्तेला वेसण कशी पडली हे पाहणे उद्बोधक ठरते.

आरंभ लंडन शहरापासून करावा लागतो. कारण आपल्या नगरपालिकांचे कायदे बव्हंशी तेथील कायद्यांच्या साच्यावर घडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कॉलऱ्याच्या साथींनी ते शहर हैराण झाले होते. १८५५ साली तेथे नवा कायदा होऊन प्रत्येक विभागासाठी स्थानिक मंडळे निर्माण झाली. नवीन घराचा पाया खणण्यापूर्वी सात दिवस मंडळास सूचना द्यावी, म्हणजे सांडपाण्याच्या नळांची व्यवस्था पाहता येईल, असा नियम होता. सूचना न देता बांधलेले घर पाडून टाकण्याचा अधिकार मंडळास होता.

वँड्सवर्थ विभागात कूपर नावाच्या एका बांधकाम व्यावसायिकाने घर बांधावयास घेतले. आपण सूचना पाठविली होती असे त्याचे म्हणणे. ती मिळालीच नाही असे मंडळाचे. शिवाय सात दिवस पुरे होण्याआधीच त्याने काम सुरू केले होते, हे त्याच्याच सांगण्यावरून दिसत होते. म्हणजे चूक त्याच्याकडे होतीच. घर दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले असता एका संध्याकाळी उशिरा मंडळाची माणसे आली आणि त्यांनी ते पाडून टाकले. कूपरला कोणी काही विचारले नाही. त्याने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि १८६३ साली तो जिंकला.

हा निकाल मुळातून समजून घेण्यासारखा आहे. कायद्यात मालकाचे म्हणणे ऐकावे असे कोठेही लिहिलेले नव्हते. मंडळाच्या वकिलांचा सारा भर त्यावरच होता. न्यायाधीशांनी उत्तर दिले ते असे : ज्या सत्तेने माणसाची मालमत्ता नष्ट होते ती वापरण्यापूर्वी त्याला बोलण्याची संधी दिलीच पाहिजे, कायदा जेथे गप्प आहे तेथे परंपरागत न्यायतत्त्व ती उणीव भरून काढते. ऐकून घेतल्याने मंडळाचे काही बिघडले नसते. कदाचित कूपरने आपली चूक कशी झाली हे सांगितले असते, कदाचित मंडळाने घर पाडण्याऐवजी दुसरा मार्ग काढला असता. त्याच वेळी १७२३ सालच्या एका जुन्या निकालाचीही आठवण काढण्यात आली. त्या निकालात असे म्हटले होते की, प्रत्यक्ष ईश्वरानेसुद्धा आदमला शिक्षा करण्यापूर्वी, तू कोठे आहेस, ते फळ तू खाल्लेस काय, असे विचारले होते. सर्वज्ञालाही जे टाळता आले नाही ते नगरमंडळाला कसे टाळता येईल, असा त्यातला आशय. भारतीय न्यायालयांनीही पुढे या निकालाचा आधार वारंवार घेतला. फलकावरच्या त्या वाक्याचे मूळ हे येथे आहे. मात्र १८६३ साली ऐकून घेतले गेले ते केवळ घरमालकाचे, एवढे येथे नोंदवून ठेवू.

(२)

आता आपल्याकडे येऊ. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग आला. सोजिरांनी घरात शिरून केलेल्या झडत्या, देवघरापर्यंत गेलेले बूट, अंगणात फेकलेले सामान या हकीगती आमच्या आजोबांच्या पिढीकडून आम्ही ऐकल्या आहेत. त्या साथीनंतर १८९८ साली मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढावेत, हवा आणि उजेड आत यावा, हा त्याचा हेतू चांगला होता. पण पाडलेल्या चाळींतील माणसे सुरुवातीच्या काळात नव्या घरांत गेली नाहीत. कारण नवी घरे पाडलेल्या घरांइतकी झालीच नाहीत. ती शेजारच्या, आधीच भरलेल्या गल्लीत गेली आणि गर्दी एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी बसली. नकाशा काढणाऱ्यांनी इमारती मोजल्या, आत राहणाऱ्यांना विचारले नाही, हा त्या कामाचा मोठा दोष होता.

हा दोष ज्या माणसाने स्पष्टपणे ओळखला, त्याचा आपल्या इंदूरशी निकटचा संबंध आला. पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. एडिंबरोच्या जुन्या, पडक्या वस्तीत ते स्वतः सहकुटुंब राहावयास गेले आणि तेथील घरे त्यांनी दुरुस्त करून घेतली. १९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. पुढील काही वर्षांत त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. १९१६ सालचा अहवाल बडोद्यासंबंधी आहे. महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबारासाठी त्यांनी लिहिलेला इंदूरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला आणि तो त्यांच्या या देशातील कामात सर्वांत विस्तृत गणला जातो. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापकही गेडिसच होते. आम्ही ज्या विषयास चार पानांचा समजत होतो त्याची विद्यापीठातील प्रतिष्ठा अशी त्यांच्यापासून सुरू झाली.

गेडिस यांची पद्धत साधी होती. कचेरीत बसून नकाशावर पट्टीने रस्ता आखावयाचा आणि मध्ये येईल ते पाडावयाचे, हे त्यांना मान्य नव्हते. ते गल्लीगल्लीतून पायी हिंडत, प्रत्येक घर, विहीर, देऊळ, झाड टिपून घेत आणि नंतर एखादे पडके घर काढून तेथे चौक करावा, दुसरीकडे भिंत थोडी मागे घ्यावी, अशा बेताने मार्ग काढीत. शल्यवैद्य जसा रोगट भाग तेवढाच काढतो तसे हे काम असावे, असे ते म्हणत. दुरुस्तीचा मार्ग पाडापाडीपेक्षा स्वस्त पडतो, हेही ते हिशेब मांडून दाखवीत.

इंदुरातील त्यांची एक हकीगत पुष्कळदा सांगितली जाते. शहरात प्लेगची भीती होती आणि परक्या साहेबाकडे लोक संशयाने पाहत होते. नकाशा घेऊन फिरणारा माणूस म्हणजे घर पाडणारा, हे समीकरण मनात ठसलेले. दिवाळीच्या निमित्ताने दरबाराने त्यांना एक दिवसापुरते राजाचे अधिकार दिले. गेडिस यांनी जाहीर केले की, या वर्षीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या गल्ल्यांनी आपली घरे उत्तम झाडून, रंगवून, दुरुस्त करून ठेवली असतील त्यांतून जाईल. मग काय विचारता! कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर पडल्या. मिरवणुकीत घाणीचा एक प्रचंड राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता, मागून लक्ष्मी होती. सफाई कामगारांना त्या दिवशी मानाचे स्थान मिळाले. आणि शेवटी त्या राक्षसाचे दहन झाले.

ही कथा गमतीची आहे, पण तिच्यात एक गंभीर उणीव दडलेली आहे. गेडिस यांनी लोकांचे ऐकले ते स्वतःच्या स्वभावामुळे. दुसरा कोणी तज्ज्ञ आला असता आणि त्याने पट्टीने रस्ता आखला असता, तर इंदूरच्या रहिवाशाला दरबारापुढे हक्काने उभे राहता आले नसते. तज्ज्ञाची सहृदयता आणि नागरिकाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्काची वाट कायद्यातूनच निघावयाची होती. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला. हा देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा. जमिनी एकत्र करून, रस्ते काढून, उरलेले भूखंड मालकांना परत द्यावयाचे आणि त्यासाठी लवादाने प्रत्येकाचे म्हणणे ऐकावयाचे, अशी त्याची रचना होती. त्या वेळी बेळगाव, धारवाड हे जिल्हेही याच इलाख्यात होते. पण येथेही पुढे येतो तो मालकच. ज्याच्या भूखंडाला हात लागत नाही, पण ज्याचे जगणे शेजारच्या बांधकामाने बदलते, त्याचे काय?

(३)

या प्रश्नाचे उत्तर उडुपीच्या एका खटल्यात मिळाले. उडुपी हे दक्षिण कानडा जिल्ह्यातील गाव १९५६ पर्यंत मद्रास राज्यात असल्याने तेथील नगररचना योजना मद्रासच्या १९२० च्या कायद्याखालची होती. योजनेने एक भाग राहत्या घरांसाठी राखून ठेवला होता. तेथे एका अर्जदाराने मंगल कार्यालय व व्याख्यानगृह बांधण्याचा परवाना घेतला आणि मग नकाशा बदलून तेथेच चित्रपटगृह करण्याची परवानगी मागितली. नगरपालिकेने तसा ठराव केला. त्याच भागात राहणाऱ्या एका करदात्याने हरकत घेतली आणि तो न्यायालयात गेला.

उच्च न्यायालयाने मोठा चमत्कारिक निर्णय दिला. ठराव योजनेच्या विरुद्ध आहे हे त्याने मान्य केले; परंतु मालकाचा पैसा त्यात गुंतला असल्याने आता तो रद्द करता येत नाही, असे म्हटले. आपल्या शहरांत हा युक्तिवाद आपण किती वेळा ऐकला आहे! आधी बांधावयाचे आणि मग 'झाले ते झाले' म्हणावयाचे.

१९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. त्यातील तीन मुद्दे सामान्य नागरिकानेही पाठ करून ठेवावेत. पहिला, नगरयोजना ही नगरपालिकेची खासगी मालमत्ता नाही. ती लोकांच्या हितासाठी असते आणि ती राबविताना नगरपालिका लोकांच्या वतीने काम करते. दुसरा, त्या भागातील प्रत्येक रहिवाशाचा योजना पाळली जाण्यात वैयक्तिक हितसंबंध असतो; म्हणून त्याला दाद मागता येते. तिसरा, जी सत्ता कायद्याने दिलेलीच नाही ती कोणाच्या मूकसंमतीने किंवा झालेल्या खर्चाने वैध ठरत नाही. वँड्सवर्थच्या निकालाने घरमालकाला दारात उभे केले होते. उडुपीच्या निकालाने शेजाऱ्यालाही आत घेतले.

बंगळुरात पुढे याचाच विस्तार झाला. तेथील एका वसाहतीत उद्यानासाठी मोकळी ठेवलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या आदेशावरून एका खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवाशांनी हरकत घेतली. रुग्णालय हेही समाजोपयोगीच, असा बचाव झाला. परंतु १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. मोकळी जागा मोकळी ठेवणे हाच तेथे ठरलेला सार्वजनिक उपयोग होता.

आपल्या माळव्यातील रतलामचे उदाहरण तर घरचेच. तेथील न्यू रोडवरील रहिवासी उघड्या गटारांनी आणि दुर्गंधीने त्रस्त झाले होते. त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेतील सार्वजनिक उपद्रवाच्या कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. नगरपालिकेने दोन बचाव केले : पैसे नाहीत आणि ही माणसे तेथील परिस्थिती ठाऊक असूनच राहावयास आली आहेत. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही फेटाळले. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी लिहिलेल्या या निकालाप्रमाणे, तिजोरी रिकामी असल्याचे सांगून नगरपालिकेला आपले मूळ कर्तव्य टाळता येत नाही. या निकालातील दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. शेजारच्या झोपडपट्टीतील माणसे शौचालयांच्या अभावी त्याच गटारांचा उपयोग करीत. न्यायालयाने त्यांना हुसकून लावा असे म्हटले नाही; त्यांच्यासाठी सार्वजनिक शौचालये बांधा असे म्हटले.

(४)

हा दुसरा भाग मोलाचा का, हे सांगण्यासाठी हरकतीची काळी बाजूही मांडली पाहिजे. अमेरिकेतील ओहायो राज्यात युक्लिड नावाचे एक छोटे गाव होते. तेथील ग्रामपरिषदेने १९२२ साली गावाचे विभाग पाडले आणि कोठे स्वतंत्र घरे, कोठे भाड्याच्या खोल्यांच्या इमारती, कोठे कारखाने हे ठरवून टाकले. एका जमीनमालक कंपनीने त्यास आव्हान दिले. १९२६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ग्रामपरिषदेचा अधिकार मान्य केला आणि जगभरच्या नगररचनेला त्या निकालाने बळ मिळाले. परंतु त्याच निकालात, स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणाऱ्या भाड्याच्या इमारतींना बांडगुळाची उपमा देण्यात आली. इमारतीला दिलेली ही उपमा त्यात राहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचावयास वेळ लागत नाही. आपल्याकडेही शेजारी हरकत घेतो तेव्हा ती उजेडासाठी असते की परक्या जातीचा, परक्या भाषेचा, कमी पैशाचा माणूस जवळ नको म्हणून असते, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. आपण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. कोणे काळी आपले पूर्वजही येथे परकेच होते, याची आठवण ठेवली तर ही तपासणी अधिक प्रामाणिकपणे होईल.

ज्याच्या नावावर भूखंड नाही आणि ज्याला शेजारीही म्हणावयास कोणी तयार नाही, त्याचा प्रश्न १९८१ साली मुंबईत उभा राहिला. ऐन पावसाळ्यात पदपथांवरील झोपड्या उठविण्याचे राज्य सरकारने जाहीर केले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात रस्त्यावरील अतिक्रमण विनासूचना काढण्याची मुभा होती. १९८५ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. तो सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि विनासूचना काढण्याची मुभा म्हणजे तशी सक्ती नव्हे, असे त्यांनी म्हटले. सर्वसाधारणपणे सूचना द्यावी, म्हणणे ऐकावे, हाच नियम त्यांनी सांगितला.

आणि तरीही झोपड्या हटविण्यास परवानगी मिळालीच. फक्त पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, मुदत देण्यात आली. ऐकले गेले, पण घर वाचले नाही. हा विरोधाभास आपण लपवू नये. सुनावणीचा हक्क म्हणजे जिंकण्याचा हक्क नव्हे. परंतु ज्याचे ऐकणेही आवश्यक मानले जात नाही, त्याला हरण्याचेसुद्धा समाधान मिळत नाही.

(५)

राज्यघटनेची ७४ वी दुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत पहिला विषय नगरनियोजनाचा आणि दुसरा जमिनीच्या वापराच्या व बांधकामाच्या नियमनाचा आहे. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या नगर व ग्राम निवेश अधिनियमातही विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवून सुनावणी करण्याची तरतूद आहे. म्हणजे कागदोपत्री सारे सिद्ध आहे. मग अडते कोठे?

अडते ते वेळेत. अलीकडच्या काही वर्षांत, गुन्ह्याचा आरोप होताच आरोपीच्या घरावर बुलडोझर चालविण्याचे प्रकार अनेक राज्यांत घडले आणि त्याला नगरपालिकेच्या बांधकाम नियमांचे पांघरूण घालण्यात आले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती भूषण गवई व न्यायमूर्ती विश्वनाथन यांच्या पीठाने याविषयी निकाल दिला. पाडकामापूर्वी किमान १५ दिवसांची सूचना द्यावी, ती टपालाने पाठवावी आणि घरावरही लावावी. प्रत्यक्ष सुनावणी व्हावी. आदेशात कारणे लिहावीत. आदेशानंतरही १५ दिवस थांबावे. पाडकामाचे चित्रीकरण व्हावे. आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यास व्यक्तिशः जबाबदार धरावे, असे त्यात सांगितले आहे. रस्ता, पदपथ, लोहमार्ग, जलाशय यांवरील अतिक्रमणे मात्र त्यातून वगळली आहेत. म्हणजे पदपथावरच्या माणसाचा प्रश्न पुष्कळसा होता तेथेच आहे.

कूपरचे घर पाडले गेले ते संध्याकाळी उशिरा, न विचारता. त्या घटनेनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, दुसऱ्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला जवळजवळ तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागावी, हे खेदजनक आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी यातून निराश होत नाही. हक्क एकदा मिळून कायमचा राहत नाही, तो प्रत्येक पिढीला पुन्हा वापरावा लागतो, एवढेच तो यातून शिकतो.

गुरुजींच्या प्रश्नाकडे परत वळतो. हे वाक्य तेथे कोणी आणले? एका चुकार ठेकेदाराने आणले, उडुपीच्या एका करदात्याने आणले, रतलामच्या दुर्गंधीला कंटाळलेल्या रहिवाशांनी आणले, मुंबईच्या पदपथावर झोपणाऱ्या माणसांनी आणले. यांपैकी कोणीही मोठा पुढारी नव्हता. प्रत्येकाने आपल्यापुरती हरकत घेतली आणि तिचा लाभ पुढच्या सर्वांना झाला.

विद्यार्थी मित्रहो, घरी जाताना वाटेत एखादा सूचनाफलक लागला तर क्षणभर थांबा. हरकत घ्यावयाची असेल तर ती मुदतीत घ्या, भूखंडाचा क्रमांक आणि कारण स्पष्ट लिहा, पोच घेतल्यावाचून कचेरीतून परतू नका. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी नगरसेवक किंवा अधिकारी म्हणून त्या टेबलाच्या पलीकडे बसला, तर समोरच्या माणसाचे बोलणे पुरे होऊ द्या. गुरुजींनी आम्हांला जे शिकविले ते याहून फारसे निराळे नव्हते.